धुळीच्या कणाला घाबरणारं यंत्र

खोलीतल्या माणसांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवलेला आहे. तोंडावर पट्टी, हातांत मोज्यांची दुहेरी जोडी. काम काय, तर एक बोल्ट आवळायचा. पण पाना झटक्यात फिरवायचा नाही, कारण धातूवर धातू घासला की डोळ्यांना न दिसणारे कण उडतात. बोल्ट बसवण्याआधी त्याच्यावर शुद्ध नायट्रोजनचा झोत मारायचा आणि शेजारच्या कणमोजणी यंत्राकडे बघत राहायचं. आकडा खाली आला की मगच पुढचा बोल्ट. शस्त्रक्रियागृहातही इतकं सोवळं पाळत नाहीत.

एवढ्या निगुतीनं जोडली जाणारी वस्तू म्हणजे नायोबियम धातूची, आतून पोकळ अशी कॅव्हिटी. ती बसणार आहे अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या पश्चिमेला, बटेव्हिया गावाजवळच्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेतल्या नव्या कणत्वरकात. त्याचं नाव पिप-टू, म्हणजे प्रोटॉन सुधारणा योजनेचा दुसरा टप्पा. एखाद्या जिल्हा परिषदेच्या फायलीवर शोभावं असं हे नाव. यंत्र मात्र असं आहे, की त्याचा एकेक भाग समजून घेताना तोंडात बोट जातं.

कणत्वरक म्हटलं की आपल्याला जिनिव्हाचा प्रचंड कोलायडर आठवतो. तिथल्या एकेका प्रोटॉनच्या मानाने पिप-टूमधल्या कणाची ऊर्जा साडेआठ हजार पटींनी कमी आहे, फक्त ८० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट. मग याचं एवढं कौतुक कशासाठी? कारण इथे पैज संख्येची आहे. एक कण किती जोरात जातो यापेक्षा एका दमात किती कण जातात, ते महत्त्वाचं. दोन मिलिअँपिअरचा प्रवाह, म्हणजे घरातल्या बारीकशा दिव्यालाही पुरणार नाही इतकी वीज. पण हा प्रवाह ८० कोटी व्होल्टमधून ढकलला, की कणांच्या झोताची, म्हणजे शलाकेची, शक्ती १६ लाख वॅट होते. यंत्र सतत चालवलं तर इतकी शक्ती पेलेल, अशी त्याची आखणी आहे.

इतके कण हवेत ते न्यूट्रिनोंसाठी. हा कण कशालाच अडत नाही. तो पृथ्वीतूनही आरपार जातो आणि जाता जाता क्वचित एखाद्या अणूला धडकतो. त्याला पकडायचा मार्ग एकच, अफाट संख्येने न्यूट्रिनो तयार करायचे आणि समोर प्रचंड सापळा लावायचा. पिप-टूमधून निघालेले प्रोटॉन फर्मिलॅबच्या जुन्या दोन वर्तुळाकार त्वरकांतून आणखी वेग घेतील. मग दर १.२ सेकंदाला साधारण ७५ लाख कोटी प्रोटॉन ग्रॅफाइटच्या लक्ष्यावर आदळतील आणि त्यातून न्यूट्रिनोंचा झोत निघेल. तो बोगद्याशिवाय, थेट जमिनीतून १,३०० किलोमीटर जाऊन दक्षिण डकोटातल्या लीड गावी, दीड किलोमीटर खोलीवरच्या द्रवरूप आर्गॉनच्या टाक्यांत पोचेल. ती जागा म्हणजे होमस्टेक ही सोन्याची जुनी खाण. रेमंड डेव्हिस यांनी सूर्यातून येणारे न्यूट्रिनो तिथेच पकडले आणि २००२ चं नोबेल मिळवलं. न्यूट्रिनो आणि सोन्याच्या खाणी यांचं काहीतरी जुळतं खरं. वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो जगात सर्वांत आधी सापडलेल्या ठिकाणांत आपली कोलारची सोन्याची खाण होती. साल १९६५, आणि त्या प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती.

यंत्राच्या आखणीचा इतिहास काटछाटीचा आहे. २००७ च्या सुमारास फर्मिलॅबमध्ये ‘प्रोजेक्ट एक्स’ नावाचा बेत शिजत होता. ८०० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेणारा सरळ त्वरक असं त्याचं पहिलं रूप होतं. नंतर आराखडा बदलला, पुन्हा बदलला, खर्चाचा आकडा डोळ्यांसमोर आला. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेच्या कणभौतिकी सल्लागार समितीने पसंती दिली ती मूळ बेताच्या एक दशांश ऊर्जेच्या पिप-टूला. माझ्या मते हीच त्या आखणीतली हुशारी. कारण अडचण नेमकी कुठे आहे हे तोवर कळलं होतं. १९७०च्या दशकातला बूस्टर नावाचा वर्तुळाकार त्वरक हा सगळ्या साखळीतला अरुंद दरवाजा होता. प्रोटॉन धनभारित, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात आणि गर्दी वाढली की शलाका पसरते. पण कण जितक्या वेगाने आत येतील तितका हा ढकलाढकलीचा परिणाम कमी होतो. जुना सरळ त्वरक त्यांना ४० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टवर आत सोडत असे. ते ८० कोटींवर आले, तर हा त्रास निम्म्यावर येतो. दरवाजा पाडण्याऐवजी येणाऱ्यांचा वेग वाढवायचा ठरला. १५ मार्च २०१९ ला कुदळ पडली ती जागाही जुन्याच टेव्हाट्रॉन त्वरकाच्या वर्तुळाच्या आतली आहे, म्हणजे वीज-पाण्याची सोय हाताशी.

यातली एक युक्ती मला फार आवडते. सरळ त्वरकातून प्रोटॉन धावतच नाहीत. धावतो हायड्रोजनचा असा अणू, ज्याला एका इलेक्ट्रॉनऐवजी दोन चिकटलेले असतात. त्यामुळे त्याचा भार ऋण होतो. बूस्टरच्या तोंडाशी तो कार्बनच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून जातो, तिथे दोन्ही इलेक्ट्रॉन गळून पडतात आणि उरतो निखळ प्रोटॉन. आधीच फिरणारे प्रोटॉन धन आणि नवे येणारे ऋण, त्यामुळे एकाच चुंबकात दोघे उलट्या दिशांनी वळतात आणि नेमके एका वाटेवर येऊन मिसळतात. अशा फेऱ्यावर फेऱ्या रचून एका खेपेत साडेसहा लाख कोटी प्रोटॉन वर्तुळात भरायचे, हे सगळं अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास.

आता त्या नायोबियमच्या कॅव्हिटीकडे वळू. कणाला वेग द्यायचा तर त्याच्या वाटेत विद्युत क्षेत्र हवं, आणि ते कण येण्याच्या क्षणी बरोबर दिशेने हवं. म्हणून पोकळीत रेडिओलहरी कोंडतात. पोकळी तांब्याची असेल तर भिंतींतच बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि यंत्र सतत चालवणं परवडत नाही. नायोबियम ९.२ केल्विनच्या खाली अतिसंवाहक होतो. पिप-टूमध्ये तो २ केल्विनवर ठेवतात, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअस. आकाशातल्या रित्या पोकळीहूनही थंड. अशा कॅव्हिटीतलं आंदोलन विरायला किती वेळ लागतो, ते आकड्यापेक्षा घंटेवरून लवकर कळेल. समजा, सेकंदाला ५०० कंपनं करणारी घंटा पिप-टूच्या सर्वोत्तम कॅव्हिटीइतक्या गुणाची असती. आषाढी एकादशीला पंढरपुरात तिच्यावर एकच टोल दिला असता, तर कार्तिकीला आलेल्या वारकऱ्यांनाही ती वाजतच असलेली ऐकू आली असती, आणि तिचं कंपन निम्म्याहून अधिक शिल्लक असतं.

अर्थात थंडी फुकट मिळत नाही. २ केल्विनवरची एक वॅट उष्णता बाहेर उपसायला वर सुमारे हजार वॅट वीज जाळावी लागते. तरी हिशेब जमतो, कारण तांब्याच्या तुलनेत भिंतीतला ऱ्हास दहा लाख पटींच्या घरात घटलेला असतो. हजाराने भागलं तरी फायदा शेकड्यांत उरतो. ही थंडी देतो द्रवरूप हेलियम. २.१७ केल्विनच्या खाली तो अतिप्रवाही होतो, त्याचं उकळणं बुडबुड्यांविना चालतं आणि उष्णता तो विलक्षण वेगाने वाहून नेतो. बुडबुडे नसणं इथे मोलाचं, कारण बुडबुडा फुटला तरी कॅव्हिटी थरथरते. (हेलियमची रेषा १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात भारतातून दिसली, म्हणून विजयदुर्गावर दर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. हेलियमचे एक शोधक मानले जाणारे लॉकियरसाहेब त्या दिवशी स्वतः इंग्लंडात होते, ही गोष्ट तिथे कमी सांगितली जाते.)

थरथरीचं एवढं भय का? कॅव्हिटीची भिंत तीन-चार मिलिमीटरचा पत्रा. ६५ कोटी हर्ट्झवर सूर लावलेली कॅव्हिटी वीस हर्ट्झने जरी ढळली, तरी लहरी आत नीट शिरत नाहीत. एवढं ढळायला तिची लांबी मायक्रॉनच्या छोट्याशा अंशाने बदलली तरी पुरे. पंपाचा हादरा, हेलियमच्या दाबातला चढउतार, इतकंच काय, आत कोंडलेल्या लहरींचा भिंतीवरचा दाबही तेवढं करू शकतो. म्हणून प्रत्येक कॅव्हिटीला स्वतःचा सूर-नियंत्रक असतो. मोटर जाडसर फरक काढते, आणि विजेच्या दाबाने फुगणारे-आकसणारे स्फटिक बारीक फरक चालू कामात काढत राहतात.

शिवाय सगळ्या कॅव्हिटी एकसारख्या नसतात. सुरुवातीला कण प्रकाशाच्या सात टक्क्यांहून कमी वेगाने येतो, शेवटी ८४ टक्क्यांवर पोचतो. वेग वाढेल तशी दोन धक्क्यांमधली वाट लांबत जाते, म्हणून आकार बदलत न्यावा लागतो. पिप-टूमध्ये अशा पाच जाती आहेत, शंभराहून जास्त कॅव्हिटी, २३ शीतपेट्यांत बसवलेल्या.

एकेका कॅव्हिटीची घडण सोनाराच्या धीराची आहे. अतिशुद्ध नायोबियमचा पत्रा साच्यात दाबून वाट्या काढायच्या आणि त्या काठाला काठ लावून जोडायच्या. तापलेला नायोबियम हवेतले वायू अधाशासारखे शोषतो, म्हणून जोडकाम निर्वात पेटीत, इलेक्ट्रॉनच्या झोताने. मग आतला शंभरेक मायक्रॉनचा थर आम्लाने काढून टाकायचा, कारण घडवताना तो दुखावलेला असतो. भट्टीत तापवून हायड्रोजन घालवायचा आणि शेवटी अतिशुद्ध पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आतून धुवायचं. इतकं करून धुळीचा एक कण राहिलाच, तर प्रचंड विद्युत क्षेत्रात त्याच्या टोकातून इलेक्ट्रॉन ओघळू लागतात, भिंतीवर आपटतात, भिंत तापते आणि सगळी थंडी वाया जाते. सुरुवातीच्या खोलीतलं सोवळं त्यासाठी.

आणि मग २०१३ मधली ती गंमत. फर्मिलॅबच्या अ‍ॅना ग्रासेलिनो आणि सहकाऱ्यांनी भट्टीत नायोबियमला थोडा नायट्रोजन पाजला आणि वरचे काही मायक्रॉन काढून टाकले. सगळी धडपड शुद्धतेची, आणि मुद्दाम घातलेल्या या भेसळीने कॅव्हिटीचा गुण दुपटी-तिपटीने वाढला! पिप-टूच्या शेवटच्या टप्प्यातल्या कॅव्हिटींना हीच प्रक्रिया दिली जाते.

या यंत्राला हात लागलेत ते इटली, ब्रिटन, फ्रान्स, पोलंड यांचे, पण परदेशी भागीदारांत पहिला आला भारत. तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, कोलकात्याचं सायक्लोट्रॉन केंद्र आणि दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र अशा चार संस्था या कामात आहेत. रेडिओलहरी पुरवणारे घनावस्था प्रवर्धक भाभा केंद्राने आखले, हैदराबादच्या ईसीआयएलने बनवले. नमुन्यादाखल जुळवलेल्या एका शीतपेटीत भारतात घडलेली कॅव्हिटीही होती.

मुंबईला हे तंत्र अगदीच नवं नव्हतं. कुलाब्याला टाटा संस्थेच्या आवारात पेलेट्रॉनच्या पुढे जोडलेला अतिसंवाहक सरळ त्वरक आहे. तिथल्या कॅव्हिटी तांब्याच्या, आतून शिशाचा मुलामा दिलेल्या, कारण शिसंही द्रव हेलियमच्या थंडीत अतिसंवाहक होतं. हाताशी जे होतं त्यातून उभं केलेलं ते काम मला आजही मोठं वाटतं.

भारताचा यातला स्वार्थ स्वच्छ आहे. आपल्याकडे थोरियम भरपूर, पण तो आपणहून पेट घेत नाही. शंभर कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन शिशासारख्या जड धातूवर आपटला की वीसेक न्यूट्रॉन सुटतात. त्यांच्या जोरावर थोरियमची अणुभट्टी चालवता येईल, आणि त्वरक बंद केला की भट्टीही मंदावेल. त्यासाठी लागणारा त्वरक तीव्र शलाकेचा हवा. भाभा केंद्राच्या त्वरकाने २०२३ मध्ये दोन कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट गाठले. शंभर कोटी अजून फार लांब आहेत, आणि तिथवरची वाट नायोबियमच्या कॅव्हिटींतूनच जाते. अमेरिकेत पाठवलेला प्रत्येक भाग म्हणूनच घरच्या यंत्राची तालीमही आहे.

वाचणाऱ्यांत अभियांत्रिकीची मुलं असतील, तर एवढंच सांगतो. या कामाला भौतिकशास्त्रज्ञ लागतात, पण त्यांच्याइतकीच गरज धातू, निर्वात, शीततंत्र, जोडकाम आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्यांची आहे. भाभा केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून चालू आहे, आणि तिथे विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर अभियंत्यांनाही प्रवेश मिळतो. अर्ज जरूर करा.