नव्या वाडीत पाऊल टाकताना
कोकणात वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर घेतलात आणि लगेच हापूसच्या कलमांमागे धावलात? थांबा बाई! वैशाखात विहीर किती खाली जाते ते आधी शेजारणीला विचारा. श्रावणात काय, सगळ्याच विहिरी तुडुंब! खड्डे तीन फुटांचे, उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत. कलम लावायचं पाऊस स्थिरावल्यावर, जोड मातीच्या वर ठेवून. फळ धरायला चार-पाच वर्षं. तोवर घर चालायचं कशावर? म्हणून मधल्या जागेत चवळी, भेंडी, अळू लावा, चार कोंबड्या पाळा.

आणि हो, तुमच्या डोरल्याचे पैसे या जमिनीत गेलेत ना? मग खरेदीखतात यजमानांबरोबर तुमचंही नाव हवं, म्हणजे ते सातबाऱ्यावर चढेल. फेरफार मंजूर झाला की उतारा स्वतः वाचा.