गुरूच्या दारातली चिलीम

महाशिवरात्रीला कोल्हापुरात बेलाबरोबर धोतऱ्याची काटेरी फळंही पिंडीवर वाहिली जातात. ती वाहायची, खायची नाहीत, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असतं. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन ही द्रव्यं असतात. फळ पोटात गेलं की घसा कोरडा पडतो, बाहुल्या विस्फारतात आणि समोर नसलेल्या माणसांशी बोलणं सुरू होतं. शंकराच्या आवडीची वस्तू भक्तानं मात्र हातापुरतीच ठेवायची, या रिवाजामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

वनस्पतीनं मनाची अवस्था पालटते, हे आपल्या परंपरेनं कधी नाकारलं नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत कैवल्यपादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धींच्या पाच वाटा सांगितल्या आहेत: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. औषधी थेट मंत्राच्या पंक्तीला! पण सहाव्या सूत्रात निवाडाही येतो: ध्यानातून घडलेलं चित्त तेवढं वासनांच्या साठ्यापासून मोकळं असतं. औषधीनं ज्ञान मिळतं का, या वादातला माझ्या मते कळीचा मुद्दा हाच आहे. औषधी काही दाखवील, पण पाहणारा माणूस आत होता तसाच राहतो.

मग शेगावच्या गजानन महाराजांच्या चिलमीचं काय? दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात काशीहून आलेल्या गोसाव्याची कथा आहे. त्यानं महाराजांना गांजा अर्पण करण्याचा नवस केलेला; पण एवढ्या भक्तांदेखत झोळीतून तो काढायचा कसा, म्हणून बिचारा मागे संकोचून बसलेला. महाराजांनी स्वतःच त्याला बोलावून घेतलं आणि नवस फेडून घेतला. इथे गांजा शिष्याला ज्ञान द्यायला आलेला नाही. महाराजांनी भक्ताचा शब्द राखला, आणि ते व्यसनात अडकले नाहीत हे दासगणू आवर्जून सांगतात. चिलीम दाखवून या कथेचा आधार घेणारे नेमकं हेच वगळतात.

द्रव्यानं देव भेटतो का, हा प्रश्न मेहेरबाबा या महाराष्ट्रातल्या गुरूपुढे अगदी थेट आला, तो अहमदनगरजवळ मेहेराझादला. राय या धान्याच्या कणसावरच्या अरगट बुरशीतल्या द्रव्यांवर काम करताना अल्बर्ट हॉफमन यांनी 1938 मध्ये एलएसडी तयार केलं होतं. साठच्या दशकात अमेरिकेतली तरुण मुलं त्यात देव शोधू लागली. त्यांतला रॉबर्ट ड्रेफस 1965 मध्ये मेहेरबाबांना भेटला. बाबांचं मौन 10 जुलै 1925 पासून सुरू होतं. ते हातांच्या खुणांनी बोलत आणि जवळच्या शिष्यांपैकी कुणी तरी ते शब्दांत सांगत. बाबांचं म्हणणं स्वच्छ होतं: असे अनुभव सत्यापासून तितकेच दूर, जितकं मृगजळ पाण्यापासून. ही द्रव्यं शरीराला, मनाला आणि साधनेलाही घातक आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखालचा औषधी वापर त्यांनी वेगळा ठेवला होता. परत जाऊन हे इतरांना सांग, अशी आज्ञा त्यांनी ड्रेफसला दिली. 1966 मध्ये त्यांचे विचार ‘गॉड इन अ पिल?’ या पुस्तिकेत छापून निघाले. अमेरिकेत एलएसडी जवळ बाळगणं देशभर गुन्हा ठरलं, ते त्यानंतर, 1968 मध्ये.

आपल्याकडचा अमली पदार्थांचा कायदा 1985 चा. त्यात गांजा आणि चरस दोन्ही येतात. गुरूचं नाव घेऊन तो चुकवता येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याची स्वतःची गुरुपरंपरा नृसिंहवाडीला पाहावी. तिथे गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसलेला माणूसही रोजच्या मनातून बाहेर पडतोच, पण कुठल्याही द्रव्याशिवाय: एकवेळचं सात्त्विक जेवण, जमिनीवर झोप, पहाटे कृष्णेत स्नान, ठरलेले अध्याय, मिताहार आणि मौन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाठ भरून येते, मन घरी पळतं, पोथीच्या ओळी डोळ्यांपुढून सरकतात आणि अर्थ निसटतो. तरी उठायचं नाही. सात दिवसांत माणसाला स्वतःचा आळस, राग, चुळबुळ सारं पाहावं लागतं, आणि तेही पूर्ण शुद्धीवर.