पिंपळगाव रेणुकाईची मिरची आणि विहिरीचा जमाखर्च

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातील भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे गाव असून हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. हंगामात आसपासच्या गावांची मिरची येथे येते, वजन होऊन पोत्यांत भरली जाते आणि मालमोटारींतून परप्रांतांत रवाना होते. कोरडवाहू मुलखातील अल्पभूधारक कुटुंबास दर तोडणीला रोख पैसा देणारे असे दुसरे पीक क्वचितच सापडेल. मुलांचे शिक्षण, घराची डागडुजी, लग्नकार्य ह्यांचा भार पुष्कळ ठिकाणी मिरचीनेच उचलला आहे. म्हणून ह्या पिकाचा विचार करताना, ते घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या घेता यावे यासाठी जमिनीतील पाण्याचा वापर किती असावा, हा खरा प्रश्न आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या ब्रुंटलांड आयोगाने १९८७ साली शाश्वत विकासाची व्याख्या केली. आजच्या गरजा भागवाव्यात, परंतु पुढील पिढ्यांना आपल्या गरजा भागविणे अशक्य होईल असे करू नये, असा तिचा आशय आहे. जगाच्या व्यासपीठावर मांडलेला हा विचार शेतकऱ्यास नवा नाही. बियाण्याच्या कणगीला हात न लावता वर्ष काढणारा शेतकरी हेच तत्त्व पाळत आला आहे. विहिरीतील पाण्यासही तोच नियम लागू करावयाचा आहे.

जमिनीखालील कोठार

आपला सर्व प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. वरच्या थरात माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कोठे भेगाळ व सच्छिद्र मांजऱ्या खडक, तर कोठे अखंड पाषाण अशी त्याची रचना असते. पाणी मुरते व साठते ते मुख्यतः मुरुमात आणि भेगाळ खडकात. अखंड पाषाणात पाणी साठविण्याची शक्ती फार थोडी. गंगा-यमुनेच्या गाळाच्या प्रदेशाप्रमाणे शेकडो फूट खोलीपर्यंत पाण्याने भरलेली वाळू येथे नाही. येथील कोठार उथळ आहे. ते चांगल्या पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस बहुतेक रिकामे होते. तेव्हा हे पाणी पिढीजात ठेव नसून वर्षाची मिळकत आहे असेच समजले पाहिजे.

मोटेच्या काळी ह्या मिळकतीवर एक नैसर्गिक बंधन होते. बैलांचा दम संपला की उपसा थांबे. पुढे विजेचे पंप आले, आणि १९७२च्या दुष्काळानंतर विंधनविहिरींचा प्रसार झाला. बंधन गेले, परंतु कोठाराचा आकार मात्र होता तेवढाच राहिला. विंधनविहीर नवे पाणी निर्माण करीत नाही. पुष्कळदा ती शेजारच्या विहिरीकडे जाणारे पाणीच खालून ओढून घेते.

जमेची बाजू

आता थोडा हिशेब करू. एक एकर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर पाणी मिळते. वर्षाचा पाऊस ६५० मिलिमीटर धरल्यास एकरी सुमारे २६ लाख लिटर पाणी आकाशातून येते. यांपैकी काही वाहून जाते, काहीची वाफ होते आणि बरेचसे पिके व गवत यांच्या उपयोगी पडते. विहिरीपर्यंत पोहोचणारा वाटा लहानच असतो. भूजल मूल्यमापनाच्या प्रमाणकांत झिजलेल्या काळ्या खडकासाठी पावसाच्या सुमारे ७ टक्के आणि भेगाळ, सच्छिद्र खडकासाठी सुमारे १३ टक्के पाणी मुरते असे धरले जाते. म्हणजे एकरी जमा होणारे भूजल सुमारे १ लाख ८४ हजार ते ३ लाख ४२ हजार लिटर एवढेच.

खर्चाची बाजू

आमच्या भागात पुष्कळ शेतकरी मिरचीची लागवड एप्रिल-मे महिन्यांत ठिबक सिंचन व प्लास्टिक आच्छादनावर करतात. मृगाच्या सरींबरोबर झाडे वाढीस लागावीत आणि माल लवकर बाजारात जाऊन चांगला भाव मिळावा, हा त्यामागील हेतू असतो. हेतू रास्त आहे. परंतु ह्या काळात पिकाची सर्व तहान विहिरीनेच भागवावी लागते. लागवडीपासून पाऊस लागेपर्यंत ५० दिवस आणि दररोज सरासरी केवळ ३ मिलिमीटर पाणी धरले, तरी एका एकरास सुमारे ६ लाख लिटर पाणी लागते.

वरील जमेशी हा खर्च ताडून पाहावा. एक एकर उन्हाळी मिरचीस पहिला पाऊस येण्यापूर्वीच पावणेदोन ते सव्वातीन एकरांवर मुरलेले वर्षाचे पाणी खर्ची पडते. त्याच पाण्यातून माणसे, गुरे व रब्बीची पिके यांचीही गरज भागवावयाची असते. गावातील थोड्या क्षेत्रावर अशी लागवड असेल तर हा खर्च सोसतो. प्रत्येकाने आपले सर्व क्षेत्र उन्हाळ्यातच लावावयाचे ठरविले, तर हिशेब जुळणार नाही. पाऊस उशिरा आला की प्रथम पिण्याचे पाणी तुटते, मग टँकर येतो, आणि हजारो रुपये खर्चून लावलेली रोपे डोळ्यांदेखत माना टाकतात.

ठिबकाने वाचलेले पाणी

ठिबक सिंचन हे उत्तम साधन आहे, यात शंका नाही. पण ते घड्याळ लावून चालविले तरच पाणी वाचते. उदाहरणार्थ, नळ्यांमधील अंतर दीड मीटर, तोट्यांमधील अंतर ४० सेंटिमीटर आणि प्रत्येक तोटीचा प्रवाह ताशी २ लिटर असल्यास एका एकरात सुमारे ६,७४५ तोट्या बसतात व ताशी सुमारे साडेतेरा हजार लिटर पाणी पडते. ३ मिलिमीटर पाणी देण्यास अशा संचाला एक तासही पुरेसा होतो. वीज आहे तोवर पंप सुरू ठेवण्याची सवय असेल, तर ठिबकावरही दुप्पट-तिप्पट पाणी जाते आणि मुळांशी सतत ओल राहिल्याने मर रोगास वाव मिळतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ठिबकाने निम्मे पाणी वाचले आणि तेवढ्याच पाण्यावर क्षेत्र दुप्पट केले, तर शेतकऱ्याचे उत्पन्न वाढेल, पण विहिरीची पातळी वाढणार नाही. वाचलेल्या पाण्यापैकी काही भाग विहिरीतच राहू देणे, ह्यालाच बचत म्हणता येईल.

शेततळ्याचेही तसेच आहे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी त्यात साठविल्यास ते गावाच्या जमेत भर घालते. मात्र विहिरीचे वा विंधनविहिरीचे पाणी उपसून तळे भरल्यास सर्वांच्या कोठारातील पाणी एकाच्या उघड्या तळ्यात जाते. तेथे उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी भरलेल्या तळ्यातून रोज सुमारे सात हजार लिटर पाणी हवेत उडून जाते.

दोन गावांचा धडा

आपल्याच जिल्ह्यातील कडवंची गावाने जमेची बाजू कशी वाढवावी हे दाखविले आहे. तेथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या मार्गदर्शनाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत मृद्संधारणाची कामे झाली. सलग समपातळी चर, बांधबंदिस्ती व नाल्यांवरील बंधारे ह्यांना श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांची जोड मिळाली. पुढे त्या कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि २०१२-१३च्या भीषण दुष्काळातही पुष्कळ बागा तगून राहिल्या.

खर्चाची बाजू कशी आवरावी, याचा धडा अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने घालून दिला. तेथे पाऊस व विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. प्रथम माणसे व जनावरे यांचे पाणी राखून ठेवतात आणि उरलेल्या पाण्यावरून कोणती पिके घ्यावयाची ते ठरते. शेतीसाठी विंधनविहीर न घेण्याचा आणि उसासारखे फार पाणी पिणारे पीक टाळण्याचा निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतला. कडवंचीने तिजोरी भरली, हिवरे बाजारने तिला कुलूप लावले. आपल्याला दोन्ही करावयाचे आहे.

महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ ह्या कायद्याने खोल विहिरींवर बंधने घातली आहेत. २०२० साली सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत जालना जिल्ह्याचा समावेश होऊन गावपातळीवरील जलअंदाजपत्रकास चालना मिळाली. तथापि प्रत्येक विहिरीवर पहारा ठेवणे कोणत्याही शासनास शक्य नाही. विहीर एकाच्या नावावर असली तरी तिच्यातील झरे साऱ्या शिवाराचे आहेत, ही जाणीव गावातच रुजली पाहिजे.

काय करावे

१. गावात पर्जन्यमापक बसवून रोजच्या पावसाची नोंद फळ्यावर लिहावी.

२. पावसाळा संपताच ठरावीक विहिरींची पातळी मोजावी आणि ऑक्टोबरमधील ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा. पिण्याचे पाणी प्रथम वेगळे काढावे.

३. उन्हाळी मिरचीचे क्षेत्र विहिरीतील पाणी पाहून ठरवावे. काही क्षेत्रावर लवकर लागवड करून उरलेली लागवड पाऊस सुरू झाल्यावर करावी. सावलीच्या जाळीखाली तयार केलेल्या रोपांना थोडेच पाणी पुरते. शिवाय तोडे विभागले गेल्याने सर्व माल एकाच वेळी बाजारात येऊन भाव पडण्याचा धोकाही कमी होतो.

४. ठिबक संचाचा ताशी प्रवाह मोजून पंप चालविण्याची वेळ निश्चित करावी. पिकाचे वय व हवामान पाहून तीत बदल करावा.

५. शेततळी ओढ्या-नाल्यांच्या पुराच्या पाण्याने भरावीत.

६. त्याच शेतात वर्षानुवर्षे मिरची न घेता कडधान्य अथवा तृणधान्याचा फेरपालट करावा. हंगाम संपल्यावर आच्छादनाचे प्लास्टिक वेचून शेताबाहेर काढावे, जमिनीत गाडू नये.

शेतकरी बंधुभगिनींनो, बाजारातील भाव आपल्या हाती नाही, पाऊसही आपल्या हाती नाही. परंतु पडलेल्या पावसातील किती पाणी मुरवावे आणि मुरलेले किती उपसावे, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीचे प्रत्येक पोते काट्यावर तोलले जाते आणि त्याचा पैसा वहीत मांडला जातो. ती मिरची पिकविणाऱ्या पाण्याचीही तशीच नोंद ठेवली, तर पुढच्या पिढीलाही ह्या बाजारात आपला माल आणता येईल.