गारगोटीच्या पोटातला उजेड

दोस्ता, दोन पांढऱ्या गारगोट्या शोधून आण. त्याच त्या, नदीकाठी नाहीतर शेताच्या बांधावर सापडणाऱ्या, दुधाळ रंगाच्या! रात्री खोलीतले दिवे घालव. पाच मिनिटं गप्प बस. अंधाराची सवय झाली की एक गारगोटी दुसरीवर जोरात घास.

दिसलं? दगड आतून उजळला! नारिंगी-पिवळा, जणू पोटात काजवा बसलाय!

ठिणगी असेल, असं वाटलं ना? मग ओळख बघू, हाच खेळ पाण्याच्या बादलीत केला तर काय होईल? ठिणगी विझेल. पण गारगोटी पाण्यातसुद्धा उजळते! घासताना दगडातली घट्ट बांधणी जागोजागी तुटते आणि तिथली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. आग नाही, काडेपेटी नाही, सेलही नाही!

आणि गंमत ऐक. या गारगोटीचं नाव चक्क एका संग्रहालयाला दिलंय! नाशिकजवळच्या सिन्नरला, माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत. २००१ साली के. सी. पांडे यांनी ते सुरू केलं. आत सगळे दगडच दगड! पण कसले? पेढ्याच्या रंगाचे, शेवाळी हिरवे, मोरपिशी निळे!

हे आले कुठून? आपल्याच काळ्या कातळातून!

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या आणि तापलेला लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा! त्यात वायूचे बुडबुडे होते. ढोकळा कापलास की आत भोकं दिसतात ना? तसंच झालं. लाव्हा थिजला, बुडबुडे आत अडकले. कातळात पोकळ्या राहिल्या. कुठे वाटाण्याएवढ्या, कुठे माणूस शिरेल एवढ्या!

मग त्यांत पाणी झिरपलं. वाटेतल्या खडकातून विरघळलेली खनिजं त्याने सोबत आणली. पाकात दोरा सोडला की त्यावर खडीसाखर धरते, तसे पोकळीच्या भिंतींवर स्फटिक धरले. हळू... अगदी हळू!

त्यातला ओकेनाइट तर बघतच राहावा. दगड असून दिसतो कापसाच्या बोळ्यासारखा! केसाहून बारीक धाग्यांचा गोळा. बोट लावलंस तर धागे चेपतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. म्हणून हात मागे!

आणखी एक दगड दूध उतू जावं तसा फसफसतो! १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी तो तापवला, तर त्यातून वाफ आली. त्यांनी नाव ठेवलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड! त्याच्या अंगभर इतकी बारीक छिद्रं असतात की त्यांत पाणी लपून बसतं. कारखान्यात बनवलेला त्याचा भाऊ कपडे धुण्याच्या पावडरीतही असतो.

बरं, गारगोटीचा उजेड फक्त तुलाच सापडला का? छे! तिकडे अमेरिकेत यूट नावाचे आदिवासी राहतात. त्यांनी बायसनच्या पातळ कातड्याचे खुळखुळे केले आणि आत गारगोटीचे पारदर्शक स्फटिक भरले. रात्रीच्या विधीत खुळखुळा हलवला की स्फटिक एकमेकांवर आपटत आणि कातड्यातून उजेड दिसे! उजेडाचा खुळखुळा! मला तर ही जगातली सगळ्यात सुंदर युक्ती वाटते.

नाशिकच्या पांडवलेणी डोंगराजवळच्या खाणींतूनही सुरेख स्फटिक निघालेत. पण लेण्यांत किंवा गडावर हातोडा चालवायचा नाही हं! घराजवळ बांधकामाची खडी पडली असेल, तर मोठ्यांना विचारून त्या ढिगात बघ. भोकवाला काळा दगड मिळाला, तर धुऊन उन्हात धर. आत काही चमकलं, तर उद्या शाळेत घेऊन जा आणि सगळ्या वर्गाला दाखव!