गोड्या पाण्यातला आयसोपॉड : ओळख आणि अर्थ

बागेतली कुंडी हलवली की खालून राखाडी, चपटे, पुष्कळ पायांचे जीव पळतात. काही तर बोट लावताच गोळी होतात. ते कीटक नाहीत. खेकडा आणि कोळंबीचे नातेवाईक आहेत. या गटाला आयसोपॉड म्हणतात, म्हणजे सारख्या पायांचे. त्यांचाच एक पाण्यातला भाऊबंद आज आपण बघणार आहोत : युरोपातल्या तळ्या-ओढ्यांत सर्रास सापडणारा असेलस अ‍ॅक्वाटिकस.

आता हा ओळखायचा कसा? सडक्या पानांखाली त्याच्यासोबत गॅमॅरस नावाचा जीवही सापडतो, आणि नवखा माणूस इथेच फसतो. असेलस वरून दाबल्यासारखा चपटा असतो आणि तळावर चालतो. गॅमॅरस दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा, पाठीत वाकलेला. तो बऱ्याचदा कुशीवर सरकतो. असेलसच्या मागच्या टोकाला सलग ढाल असते आणि तिच्यामागे दोन दुभंगलेली उपांगं दिसतात.

रंगावर मात्र जाऊ नका. एरवी हा करडा-तपकिरी असतो, पण स्लोव्हेनियातल्या पोस्टोयना-प्लानिना गुहांमध्ये याच जातीचे पांढरट, डोळे नसलेले प्राणी राहतात. म्हणून आधी आकार बघायचा.

एवढी काटेकोर ओळख कशासाठी? असेलस कुजकी पानं आणि त्यांच्यावरची बुरशी खातो. सांडपाण्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन घटला तरी तो बराच तग धरतो. गॅमॅरसला ते तितकं जमत नाही. म्हणून ब्रिटनमधल्या बीएमडब्ल्यूपी या गुणपद्धतीत गॅमॅरसच्या कुळाला 6 गुण होते, असेलसच्या कुळाला 3. म्हणजे ओळखण्यात चूक झाली, तर नदीचा हिशेबही चुकतो.

पण असेलस दिसला म्हणजे पाणी घाण, असंही म्हणता येत नाही. संथ तळ्यात, कुजक्या पानांत राहणं हा त्याचा स्वभावच आहे. काळजी करायची ती वाहत्या ओढ्यात तो अतोनात वाढला आणि बाकीचे नाहीसे झाले तर. तेव्हा आपण एका प्राण्यावरून निकाल देत नाही. त्याचे शेजारीही मोजतो.

मोजून झालं की सगळ्यांना परत पाण्यात सोडायचं, बरं का. आता तुमचे प्रश्न घेऊया.