अ‍ॅव्होकाडोची आढी, ग्वाकामोलेचा पाटा

पुण्यात नोकरीला असलेली पोरं शनिवारी शिरूरला, दौंडला घरी येतात तेव्हा पिशवीत हल्ली एखाद-दोन अ‍ॅव्होकाडो असतात. रविवारी मोबाइलवर कृती बघून ग्वाकामोलेचा, म्हणजे या फळाच्या मेक्सिकन ठेच्याचा, घाट घातला जातो, आणि पुष्कळदा पहिलाच घास कडू लागतो. ‘असलं काहीबाही कशाला आणायचं’ म्हणून वडीलधारी मोकळी होतात. कृतीत फारसं चुकण्यासारखं काही नसतं. ठेचायचं-वाटायचं काम तर आपल्याकडं कुणाला शिकवायला नको, बाजरीच्या भाकरीबरोबर खर्डा खाऊन वाढलेली घरं ही. गडबड होते ती त्याच्या आधी, फळ ओळखण्यात. आणि जे ऐकीव ज्ञान या फळाबरोबर घरात येतं, त्यातलं निम्मं तरी चुकीचं असतं.

‘हिरवंगार आणि कडक, म्हणजे ताजं’

भाजी घेताना हा नियम बरोबर आहे. दोडका, काकडी, भेंडी अशीच निवडायची. अ‍ॅव्होकाडो मात्र भाजी नव्हे, आणि या बाबतीत ते आंब्यापेक्षाही हट्टी आहे. आंब्याला झाडावर पाड तरी लागतो. अ‍ॅव्होकाडो झाडावर कितीही दिवस राहिला तरी मऊ पडत नाही. तो झाडावर जून होतो आणि तोडल्यावरच पिकतो. म्हणून दुकानात मिळणारं कडक फळ ‘ताजं’ नसून नुसतं कच्चं असतं. ते त्याच दिवशी कापलं तर गर सुरीला रबरासारखा लागतो, बोटांनी मोडत नाही आणि चवीला कडवट असतो. काही जण मग तो दुधीसारखा शिजवून बघतात. शिजवल्यानं कडूपणा कमी होत नाही, उलट वाढतो. पिकलेला अ‍ॅव्होकाडोसुद्धा जास्त वेळ आचेवर ठेवला की कडू होतो. ग्वाकामोलेवर चरचरीत फोडणी ओतायचा मोह होतो, तो म्हणूनच आवरावा.

कडक फळ आणलं असेल तर सरळ आढी लावा. आंब्याची लावतो तशीच, फक्त लहान. कागदी पिशवीत फळ ठेवायचं, सोबत एक पिकलं केळं टाकायचं आणि तोंड दुमडून ठेवून द्यायचं. केळ्यातून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानं पिकण्याला वेग येतो. तांदळाच्या किंवा गव्हाच्या डब्यात पुरून ठेवलं तरी काम तेच होतं, फळाचा स्वतःचा वायू आत कोंडला जातो. मात्र रोज हात लावून बघायचं, नाहीतर गव्हात विसरलेलं फळ वासानंच आठवण करून देतं.

इथं आपल्या भागाची एक अडचण आहे. मे महिन्यात शिरूर-दौंडचा पारा 40 अंशांवर जातो. उष्णतेनं फळ लवकर पिकेल असं वाटतं, पण 30 अंशांच्या वर अ‍ॅव्होकाडो नीट पिकत नाही. एका बाजूनं लिबलिबीत, दुसऱ्या बाजूनं कडक, आणि आत राखाडी पट्टे. वीसेक अंशांचा गारवा त्याला मानवतो. उन्हाळ्यात पिशवी पत्र्याच्या खोलीत किंवा गॅसच्या ओट्यावर ठेवू नका. घरात माठ जिथं ठेवता, तो सावलीचा गार कोपरा बरा. उलट टोकाची चूक म्हणजे कच्चं फळ थेट फ्रीजमध्ये टाकणं. थंडीनं त्याचं पिकणं अडतं, आणि फार दिवस राहिलं तर पुढं बाहेर काढूनही धड पिकत नाही. पिकल्यावर मात्र फ्रीज उपयोगाचा, दोन-तीन दिवस तिथं ते थांबतं. मायक्रोवेव्हमध्ये घालून ‘मिनिटात पिकवा’ असं सांगणारे भेटतील. त्यानं फळ मऊ होतं, पिकत नाही. कार्बाइडबद्दल तर बोलायलाच नको. त्यानं पिकवलेली फळं विकायला आपल्या देशात कायद्यानं बंदी आहे, आणि घरात तर त्याचं काहीच काम नाही.

‘काळं पडलंय, नासलं असणार’

हे कोणत्या जातीचं फळ आहे त्यावर ठरतं. बाहेरून आयात होणारं, खरबरीत सालीचं, मुठीएवढं फळ बहुधा हास जातीचं असतं. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनच्या बागेत हे झाड बियांपासून आपोआप निपजलं, आणि 1935 साली त्यानं त्याचं पेटंट घेतलं. हासची साल कच्ची असताना हिरवी असते आणि पिकताना जांभळट काळी होते. तो काळेपणा म्हणजे पिकल्याची खूण.

पावसाळ्याच्या सुमारास कोडगू, वायनाड, निलगिरी, पळणी डोंगर या भागांतून येणारी फळं वेगळी. बंगळुरूकडं त्यांना बटर फ्रूट म्हणतात. ती मोठी, गुळगुळीत सालीची असतात आणि त्यांतली बरीच पिकली तरी हिरवीच राहतात. त्यांच्या काळं होण्याची वाट बघत बसलात तर खरोखर नासतील. तेव्हा डोळ्यापेक्षा हातावर विश्वास ठेवा. फळ तळहातात धरून सगळ्या बोटांनी अलगद दाबायचं. लोण्याच्या गोळ्यासारखं किंचित दबलं की तयार. अंगठा खुपसून बघू नका, तिथं आत डाग पडतो आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला जातो.

दोन्हींच्या गरातही फरक असतो. हास तेलकट आणि घट्ट. आपल्याकडची मोठी फळं पुष्कळदा पाणीदार, त्यामुळं ग्वाकामोले सैल होतं. अशा फळाला टोमॅटो घालूच नये आणि लिंबूही बेतानं पिळावं.

कापताना एक सांभाळा. सुरी मधल्या बीला टेकेपर्यंत उभी फिरवायची, दोन्ही अर्धी पिळून वेगळी करायची आणि बी चमच्यानं उचलायची. चित्रफितींत सुरीचा घाव बीवर घालून ती झटक्यात काढतात. ते बघायला झकास दिसतं, पण त्या नादात तळहात कापून घेतलेल्यांची संख्या इतकी आहे की परदेशातल्या शल्यचिकित्सकांनी या जखमेला वेगळं नाव देऊन ठेवलंय.

‘मिक्सरला फिरवलं की झालं’

होतं, पण ग्वाकामोले होत नाही. हिरवी पेस्ट होते. मिक्सर गराच्या पेशी फोडतो, त्यात हवा घुसवतो, आणि तो गोळा एकीकडं चिकट होतो तर दुसरीकडं लवकर काळवंडतो. मेक्सिकोत हे ज्यात करतात तो तीन पायांचा दगडी खल असतो, काळ्या सच्छिद्र बेसाल्टमधून कोरलेला. आपला पाटा-वरवंटाही बेसाल्टचाच, आपल्या पायाखालचा सगळा काळा कातळ तोच. ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून दोन्हीकडं सारखाच दगड निपजला आणि दोन्हीकडच्या बायांनी त्यावर मिरच्याच वाटल्या. टाकी लावून घेतलेल्या पाट्याचा खरबरीतपणा इथं फार उपयोगाचा.

क्रम महत्त्वाचा. आधी पाट्यावर जाडं मीठ, त्यावर दोन हिरव्या मिरच्या, अर्धा लहान कांदा बारीक चिरून, आणि कोथिंबीर काड्यांसकट. मिठाच्या खड्यांनी मिरची लवकर फुटते. हे ओबडधोबड वाटायचं, चटणीसारखं गुळगुळीत नको. पाट्याला ओल सुटली, कांद्याचा उग्र दर्प निवला की थांबायचं. मग पिकलेल्या दोन फळांचा गर त्यावर घेऊन वरवंट्यानं न रगडता नुसता दाबायचा. काही तुकडे तसेच दिसायला हवेत. मग अर्ध्या कागदी लिंबाचा रस. शेजारच्या श्रीगोंद्याची लिंबं बाजारात असतातच. चाखून हवं तर उरलेलं अर्धं पिळायचं. टोमॅटो घालायचा तर बिया आणि पाणी काढून, अगदी शेवटी. पाटा नसेल तर खलबत्त्यात ठेचा आणि वाडग्यात काट्यानं गर मोडा, तेही चालतं.

पहिल्यांदा करणारा जिथं अडेल असं वाटतं, तिथं आपल्याकडची माणसं अडतच नाहीत. मिरची किती, मीठ कधी, दगडावर हात किती जोरात, हे त्यांना ठाऊकच असतं. पुस्तकी कृतीत चमच्यांची मापं वाचत बसण्यापेक्षा आजीला पाट्याशी बसवावं.

‘खरं ग्वाकामोले असं नसतंच’

असं म्हणणाऱ्यांचे दोन गट. एकाचं म्हणणं, त्यात मेयॉनीज किंवा क्रीम हवंच. ते काही हॉटेलांनी गर वाचवण्यासाठी काढलेलं शहाणपण आहे, मूळ पदार्थात दुधाचा थेंब नसतो. दही घालून कोशिंबिरीसारखं केलं तर छान लागतं, फक्त त्याला कोशिंबीरच म्हणा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, आपली मिरची-कोथिंबीर घातली की त्याचं मूळ रूप गेलं. इथं गंमत आहे. अ‍ॅव्होकाडो, मिरची आणि टोमॅटो तिकडचेच. पण लिंबू, कोथिंबीर आणि आपण वापरतो तो कांदा हे तिन्ही मेक्सिकोत नव्हते. 1519 ते 1521 मध्ये स्पॅनिश लोकांनी अ‍ॅझ्टेक राज्य जिंकलं, त्यानंतर ते तिकडं पोचले. म्हणजे ज्याला अस्सल म्हणतात त्यातला निम्मा माल पूर्वेकडून गेलेला आहे.

आणि उलट्या बाजूनं बघायचं तर मिरची, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मका, पेरू, पपई, इतकंच काय पुरंदरचं सीताफळ, हे सगळं मूळचं अमेरिकेतलं. आपलं उपवासाचं ताट त्यावरच उभं आहे. तेव्हा अ‍ॅव्होकाडोला ‘परदेशी’ म्हणून ताटाबाहेर ठेवायचं काही कारण नाही. कांदा वगळला तर ग्वाकामोलेही चतुर्थीला चालून जावं, असं माझं मत. भटजींना विचारलेलं नाही. शिवाय वनस्पतींच्या घराण्यानं हे फळ आपल्या तमालपत्राचं आणि दालचिनीचं भावंड लागतं.

खायला मक्याचे चिप्स लागतातच असंही नाही. बाजरीची उरलेली भाकरी तव्यावर मंद आचेवर कडक करायची आणि तिचे तुकडे मोडून त्यावर घ्यायचं. ही जोडी मला चिप्सपेक्षा उजवी वाटते.

‘बी घालून ठेवा, काळं पडत नाही’

बी जिथं टेकलेली असते तेवढीच जागा हिरवी राहते, कारण तिथं हवा पोचत नाही. बाकीचं काळं पडायचं ते पडतंच. चिरलेलं वांगं, बटाटा, सफरचंद काळं पडतं तोच हा प्रकार. पेशी फुटल्या की त्यातलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून गराचा रंग बदलतं. लिंबाच्या आंबटपणानं त्याचा वेग मंदावतो, थांबत नाही. खरा उपाय हवा तोडण्याचा. लहान वाडग्यात दाबून भरा, वर प्लास्टिकचा पातळ कागद पृष्ठभागाला चिकटवून ठेवा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वरचा थर तपकिरी झाला तर चमच्यानं काढा, खालचं हिरवंच असतं. तपकिरी थर विषारी नसतो, जरा कडवट लागतो इतकंच.

‘नुसतं तेल आहे’ आणि ‘वजन उतरतं’

दोन्ही म्हणणारे एकाच घरात सापडतात. तेल म्हटलं की कोलेस्टेरॉलची भीती येते, पण ते वनस्पतींत जेमतेम नावापुरतंच असतं, त्यामुळं अ‍ॅव्होकाडोतही नसल्यातच जमा. 100 ग्रॅम गरात साधारण 15 ग्रॅम स्निग्धांश असतो आणि 160 कॅलरी. त्यातला बहुतांश स्निग्धांश ऑलिव्ह तेलात असतो त्या प्रकारचा. तुलनेला 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 49 ग्रॅमच्या आसपास. साखर एक ग्रॅमहून कमी आणि तंतू जवळजवळ सात ग्रॅम, म्हणून मधुमेहाच्या माणसानं या फळाला घाबरायचं कारण नाही. पण कॅलरी त्या कॅलरीच. सोबत तळलेले चिप्स पोटभर खाल्ले तर वजन उतरेल कसं? पोटॅशियम मात्र भरपूर, 100 ग्रॅममध्ये 485 मिलिग्रॅमच्या आसपास, केळ्याहून जास्त. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यानं डॉक्टरला विचारूनच खावं.

‘बी लावली की दारात झाड’

रोप येतं, त्यात शंका नाही. फळ यायला मात्र वर्षानुवर्षं लागतात, आणि ते आईसारखं निघेलच याची खात्री नसते. म्हणून बागेला कलमंच लावतात. कोडगूतल्या चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्रातून अर्का सुप्रीम, अर्का कूर्ग रवी अशा जाती आल्या आहेत. पण या झाडाला साचलेलं पाणी चालत नाही, मुळं कुजतात, आणि पाण्या-मातीतला खार तर अजिबात सोसत नाही. कालव्याकाठची उसाचं पाणी पिऊन क्षारपड झालेली काळी जमीन किंवा मचूळ बोअरचं पाणी असेल, तर कुंडीतल्या रोपाच्या जिवावर बागायतीचे हिशेब मांडू नका.

‘सालं टाका शेळीपुढं’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच, आणि पुस्तकी कृतींत याचा उल्लेखही सापडत नाही, कारण त्या लिहिणाऱ्यांच्या दारात शेळ्या नसतात. आपल्याकडं कलिंगडाची साल, केळ्याची साल, भाजीचं देठ, सगळं गोठ्यात जातं. अ‍ॅव्होकाडोच्या पानांत, सालीत आणि बीमध्ये पर्सिन नावाचं द्रव्य असतं. माणसाला त्याचा त्रास होत नाही. शेळ्या-मेंढ्या, गाई, घोडे यांना मात्र होतो. दुभत्या जनावराच्या कासेला सूज येते, दूध आटतं, जास्त प्रमाणात गेलं तर हृदयावर परिणाम होतो. पक्ष्यांना तर थोडंही बाधतं, म्हणून कोंबड्याही यात आल्या.

ज्या घरचा महिन्याचा हिशेब डेअरीच्या पट्टीवर चालतो, तिथं दोन फळांच्या सालींपायी गाय दुधावरून जाणं परवडणारं नाही. सालं-बिया उकिरड्यावर उघड्या टाकल्या तर कोंबड्या उकरतात आणि मोकळी शेळी तोंड घालतेच. वीतभर खड्डा करून पुरून टाका, वर दगड ठेवा. चुकून कुठल्या जनावरानं खाल्लंच तर उतार पडतो का बघत थांबू नका, पशुवैद्याला बोलवा आणि काय खाल्लं ते नाव घेऊन सांगा.