अजिंठ्याची भिंत आणि ‘आम्रपाली’चा वेष

भरताच्या नाट्यशास्त्रात ‘नेपथ्य’ हा शब्द वेष, अलंकार, रंग अशा नटाच्या बाह्य साधनांस उद्देशून येतो. मराठीत तो पुढे रंगमंचावरील देखाव्यापुरता उरला आणि वेषरचनेस नाव उसने घ्यावे लागले. नावाबरोबर प्रतिष्ठाही काहीशी गेली असावी. कारण वेषरचना ही शिंप्याची बाब होय, असा समज दीर्घकाळ रूढ होता.

भानू राजोपाध्ये (पुढे अथैया, जन्म कोल्हापूर, १९२९) या मात्र चित्रकलेकडून या क्षेत्रात आल्या. गोव्याचे सूझा, पंढरपूरचे हुसेन आणि ऑस्ट्रियातून आलेले लँगहॅमर यांना ज्या बंदराच्या शहराने एकत्र आणले, त्या मुंबईत जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. १९५६ च्या ‘सी.आय.डी.’पासून त्या चित्रपटांकडे वळल्या.

१९६६ च्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याची चित्रे आधारास घेतली. येथे कालविपर्यास उघड आहे. आम्रपाली बुद्धाची समकालीन, तर ही चित्रे बहुतांशी इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. अंतर सुमारे ९०० वर्षांचे. काळाने अधिक जवळची साक्ष भारहूत-सांचीच्या शिल्पांची. परंतु तेथील स्त्रियांचा ऊर्ध्वदेह बहुधा अनावृत असल्याने ती साक्ष पडद्यावर जशीच्या तशी आणणे अशक्यच होते. शिवाय पाषाण रंग सांगत नाही, भिंत सांगते. अजिंठ्यातही एकच एक वेष नाही: पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाची नर्तकी लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्र ल्याली आहे. अथैया यांनी ते न घेता खांदे उघडे ठेवणारी घट्ट कंचुकी आणि चापून नेसलेले अधोवस्त्र पसंत केले. चित्रातील वस्त्र रेषेच्या आधाराने राहते. वैजयंतीमालेचे वस्त्र नृत्याच्या गिरकीतही जागचे हलता कामा नये, ही अडचण अजिंठ्याच्या चित्रकाराला नव्हती. म्हणूनच या वेषास प्रतिकृती म्हणणे अयोग्य, अनुवाद म्हणावे. पुढील अनेक पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांनी मात्र हा अनुवादच मूळ संहिता मानला, हा दोष रचनाकर्तीचा नव्हे.

‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात असे स्वातंत्र्य त्यांना नव्हते. तेथे छायाचित्रांची साक्ष होती आणि मूळ पेहराव पाहिलेले प्रेक्षक हयात होते. त्याच कामासाठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत.